इंजिन बांधण्यापूर्वी

आपल्या शाळेतून पुढे आयटीआयला जाऊन 'मेकॅनिक डिझेल' झालेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांच्या शेतावर किंवा टेम्पोत डिझेल इंजिन आहे अशा पालकांसाठी, हे टिपण आहे. नव्याने बांधलेले इंजिन दोन महिन्यांत पुन्हा निळा धूर सोडू लागले की दोष लेथवाल्यावर ढकलला जातो. आमच्या अनुभवाप्रमाणे तो मापन आणि धुणे या दोन दुर्लक्षित कामांत अधिक वेळा सापडतो.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जेथे पहिली रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते, तेथे ज्वलनाचा दाब सर्वाधिक व तेलाचा थर अत्यंत पातळ असतो. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरकस रेट्यामुळे बोअर क्रँकशाफ्टच्या आडव्या दिशेने अधिक खातो. म्हणून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकांस काटकोनात, अशी सहा मापे वहीत उतरवावीत. त्यानंतरच रिबोअर करावे की होनिंग पुरे, हे ठरवावे. बोट फिरवून 'चालेल' म्हणणारे उस्ताद आम्हांस ठाऊक आहेत, परंतु मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळत नाही.

रिबोअर ठरलेच, तर नवे पिस्टन आधी आणून लेथवाल्याच्या हाती द्यावेत. बोअर पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावर कापला जावा, खोक्यावरील आकड्यावर नव्हे.

रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली सारावी व तिच्या दोन टोकांतील फट फीलर गेजने पाहावी. 100 मि.मी.च्या बोअरला साधारण 0.30 ते 0.40 मि.मी. फट लागते, कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. फट अपुरी असल्यास तापल्यावर टोके एकमेकांस भिडतात आणि लाइनर ओरखडला जातो. मेन बेअरिंगच्या टोप्यांवर खोलतानाच खुणा कराव्यात, कारण त्या ब्लॉकला कसून एकत्रच बोअर केलेल्या असतात. अदलाबदल त्यांना मुळीच सोसत नाही.

आता धुणे. होनिंगनंतर दगडाची बारीक कणी बोअरच्या रेघांत रुतून बसते. रॉकेल वा डिझेल फिरवल्याने तेल निघते, कणी मात्र तेथेच राहते आणि नव्या रिंगा घासून खाते. गरम पाणी, साबण व ताठ ब्रश घेऊन घासावे; पांढरे फडके बोअरमध्ये फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत थांबू नये. क्रँकशाफ्टमधील तेलाची छिद्रेही लांब ब्रशने साफ करून हवेने फुंकावीत. मग लगेच पुसून तेल लावावे, कारण उघड्या बिडाला गंज चढण्यास वेळ लागत नाही.

पालकांनी बिलासोबत त्या सहा मापांची चिठ्ठी अवश्य मागून घ्यावी. पुढच्या वेळी इंजिन उघडेल तेव्हा किती झीज झाली, ते तिच्यावरूनच कळेल.