टेनिसचा चेंडू मागे का पडतो? जडत्व आघूर्ण आणि उतारावरचे घरंगळणे

चेन्नईच्या नुंगंबाक्कम येथील स्टेडियमवर पुरुषांची चेन्नई ओपन टेनिस स्पर्धा २०१७ पर्यंत होत असे. २०१८ पासून ती पुण्याच्या बालेवाडीत गेली. तिथला चेंडू आज आपल्याला हवा आहे, कारण तो पोकळ आहे. त्याचे वस्तुमान सुमारे ५८ ग्रॅम. सोबत सुमारे १६० ग्रॅमचा क्रिकेटचा भरीव चेंडू घ्या. दीड मीटर लांबीची फळी १० अंशांनी तिरकी करून दोन्ही चेंडू धक्का न देता एकदम सोडा. क्रिकेटचा चेंडू आधी खाली पोहोचतो.

कारण विचारले की वर्गातून हमखास उत्तर येते, "तो जड आहे म्हणून." हे चूक आहे.

खाली येताना कमी झालेली स्थितिज ऊर्जा दोन ठिकाणी वाटली जाते: पुढे सरकण्यात आणि स्वतःभोवती फिरण्यात. जडत्व आघूर्ण = क × वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग, असे लिहू. चेंडू घसरत नसेल तर कोनीय वेग = वेग ÷ त्रिज्या. ही किंमत घातली की फिरण्याची ऊर्जा ही सरकण्याच्या ऊर्जेच्या बरोबर क पट येते. म्हणून

त्वरण = गुरुत्व त्वरण × साइन (उताराचा कोन) ÷ (१ + क)

वस्तुमान गेले, त्रिज्याही गेली. उरला फक्त क, म्हणजे वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे ते. भरीव गोलासाठी क = २/५, पातळ पोकळ गोलासाठी २/३. त्वरणांचे गुणोत्तर ५/७ : ३/५. भरीव चेंडू दीड मीटर पार करतो तेव्हा पोकळ चेंडू १.२६ मीटरवर असतो. २४ सेंटीमीटरचा फरक डोळ्यांना सहज दिसतो. (प्रत्यक्षात टेनिसच्या चेंडूच्या भिंतीला जाडी असते, त्यामुळे क थोडा कमी, उलट वरची लव त्याला अडवते. आकडा तंतोतंत येणार नाही.)

घर्षणाबद्दल नेहमी गोंधळ होतो. चेंडूला फिरवणारे बल स्थैतिक घर्षणच आहे. पण स्पर्शबिंदू क्षणभर स्थिर असल्याने ते ऊर्जा खर्च करत नाही. फळी अगदी गुळगुळीत असती, तर दोन्ही चेंडू न फिरता घसरले असते आणि बरोबरीने पोहोचले असते.

वजनाची शंका अजून असेल, तर टेनिसच्या चेंडूऐवजी काचेची गोटी सोडा. काही ग्रॅमची गोटी क्रिकेटच्या चेंडूच्या जवळजवळ बरोबरीने खाली येते.