राजगिऱ्याचे पीठ : यंत्रात शिरताना आणि बाहेर पडताना

एकादशीला राजगिऱ्याच्या पुऱ्या लाटावयास बसलेल्या गृहिणीस या पिठाचा स्वभाव सांगावयास नको. कणकेची चिकाटी येथे नाही. ग्लुटेन नसल्यामुळे पुरीच्या कडा फाटतात आणि उकडलेल्या बटाट्याला शरण जावे लागते. बडोद्याच्या बाजारात ‘राजगरो’ म्हणून मिळणारा हा इवलासा दाणा गुणांनी मात्र श्रीमंत आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे 14 ग्रॅम प्रथिने असतात, आणि गहू-तांदळात उणे पडणारे लायसिनही त्यांत चांगले असते.

हेच पीठ एक्स्ट्रूजनच्या यंत्रातून काढले की त्याचा स्वभाव पालटतो. हे यंत्र म्हणजे आपल्या चकलीच्या सोऱ्याचाच धिप्पाड भाऊबंद समजावा. फरक इतकाच की याच्या तापलेल्या नळीत एक मळसूत्र फिरत असते. साधारण 15 टक्के ओल असलेले पीठ आत शिरते, 150 अंशांच्या आसपास तापते, दाबले व रगडले जाते आणि मिनिटभरातच लहानशा छिद्रातून बाहेर येते. दाब सुटताच आतल्या पाण्याची वाफ होते व पीठ फुगून कुरकुरीत होते. मक्याचे असे फुगे मुलांच्या हाती आपण नित्य पाहतो. राजगिऱ्यात सुमारे 7 टक्के तेल असल्यामुळे तो तितका फुगत नाही. म्हणून कारखानदार त्यात मका किंवा तांदूळ मिसळतात.

खरा बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. राजगिऱ्याच्या पिष्टाचे कण अवघे एक ते तीन मायक्रॉनचे. उष्णतेने ते शिजतात आणि रगडण्याने पिष्टाचे लांबलचक रेणूही तुटतात. म्हणून हे पीठ दळून गार पाण्यात घातले तरी पाणी शोषते आणि त्याचा बराच भाग विरघळतो.

याचे महत्त्व आम्हांस लहान मुलांच्या वाटीत दिसते. कच्च्या पिठाची पेज शिजताना इतकी दाट होते की ती सारखी पातळ करावी लागते. बाळाचे पोट भरते, पण बरेचसे पाण्यानेच! एक्स्ट्रूजन केलेल्या पिठाची पेज पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत अधिक पीठ मावते. दात गेलेल्या वृद्धांनाही हाच लाभ.

किंमतही मोजावी लागतेच. उष्णता फार आणि ओल कमी असली, तर ज्या लायसिनचे आपण कौतुक केले त्याचाच काही अंश साखरेशी संयोग पावून वाया जातो. शिवाय इतके शिजलेले पिष्ट झपाट्याने पचते व रक्तातील साखर लवकर चढते. मधुमेह्यांनी ‘उपवासाचे, म्हणजे हलके’ या समजुतीवर विसंबू नये.

यंत्र घरी येणार नाही, हे खरे; पण तापल्या कढईत फुटणारी राजगिऱ्याची लाही याच वाटेवरची आहे. तेथेही दाण्यातले पाणी वाफ होऊन पिष्ट फुलवते. रगडणे तेवढे नसते. लाही दळून दुधात कालवली तर न शिजवता खाता येते. पुऱ्यांच्या कच्च्या पिठात या पिठाची एखादी मूठ घालून पाहावी. बटाट्याचे शिजलेले पिष्ट जे काम करते, तेच थोडेफार हेही करते.