दोन कुलपं आणि सूर्यमाला

घरातली दोन सारखी कुलपं शोधा. (किल्ल्या आईकडे द्या, नाहीतर बोलणी खाल!) दोन खुर्च्यांच्या पाठींना एक सुतळी आडवी बांधा, जरा सैलसर. तिच्यावर वीतभर अंतर ठेवून फूटभर लांबीच्या दोऱ्यांनी ती कुलपं लटकवा. दोरे अगदी सारखे हवेत, नाहीतर गंमत फसते.

आता एकाच कुलपाला पुढं-मागं झोका द्या. थोड्याच वेळात ते मंदावतं, आणि ज्याला आपण हातही लावला नव्हता ते दुसरं झुलू लागतं! मग पुन्हा पहिलं. वाटतं, दोघांची मनमानी चाललीय. पण याचा हिशेब चक्क वजाबाकीनं करता येतो.

दोन्ही कुलपं एकाच बाजूला ओढून एकदम सोडा. ती जोडीनं झुलतील. एका मिनिटातले झोके मोजा. समजा, ५० भरले. आता एक पुढं, एक मागं ओढून सोडा. समजा, ५४ भरले. या झाल्या तुमच्या जोडीच्या दोन मूळ वारंवारता. फरक ४, म्हणजे मघाचा झोका मिनिटात चारदा पहिल्या कुलपाकडे परत येणार. पाहा ताडून!

गुरू आणि शनी यांचंही असंच आहे. तिथं सुतळीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. त्यांच्या लंबगोल कक्षा हळूहळू फिरतात, कमी-जास्त लांबट होतात. या बदलांमागचे मूळ झोके शोधायची रीत अठराव्या शतकात लाग्रांज आणि लाप्लास यांनी घालून दिली. या दोघा ग्रहांच्या कक्षांचा एक मूळ झोका सुमारे ३ लाख वर्षांचा, दुसरा ४६ हजार वर्षांचा! वारंवारता कायम राहिल्या, तर ग्रहही आपापल्या वाटेवर राहणार.

पण राहतात का? फ्रेंच शास्त्रज्ञ जाक लास्कर यांनी संगणकावर कोट्यवधी वर्षांची गणितं केली. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ यांच्या वारंवारता हळूहळू सरकताना दिसल्या. १९८९ साली त्यांनी दाखवलं, की पृथ्वीची आजची जागा सांगताना अवघ्या १५ मीटरांची चूक झाली, तर १० कोटी वर्षांनंतर ती कक्षेत कुठं असेल हे सांगताच येणार नाही.

२००९ साली त्यांनी आणि मिकाएल गास्तिनो यांनी बुधाची कक्षा मीटरपेक्षाही कमी फरकानं बदलत एकूण २५०१ गणितं सोडवली. शंभरात एखाद्या वेळी बुधाची कक्षा इतकी लांबट झाली, की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळू शकेल. मुदत मात्र ५ अब्ज वर्षांची. तेव्हा गृहपाठ चुकणार नाही!