लेकरांचा लॅपटॉप आणि बसलेली बॅटरी

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, नोकरभरतीचे अर्ज संगणकावर, क्लासच्या नोट्सही संगणकावरच. त्यामुळे २०२० च्या टाळेबंदीपासून आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांत लॅपटॉप आला. कुणी हप्त्याने घेतला, कुणी कचेरीतून निघालेला जुना आणला. वडिलांचा ओव्हरटाइम आणि आईच्या भिशीचे पैसे त्यात गेलेले असतात. दीड-दोन वर्षांत तक्रार सुरू होते, की पिन काढली रे काढली की यंत्र बंद! ऐन अर्ज भरताना वीज गेली तर भरलेली माहिती जाते, आणि शेवटची तारीख असेल तर मुलाचे वर्षच जाते. नवी बॅटरी घ्यायला काही हजार रुपये लागतात. हे दुखणे बरेच लांबवता येते, तेही फुकटात, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या घरांत लॅपटॉप बहुधा एकाच जागी, प्लगला जोडलेला असतो. सारखी पिन लावल्याने बॅटरी जास्त चार्ज होऊन फुटते, असे शेजारीपाजारी सांगतात. तसे होत नाही. बॅटरी भरली की आतली यंत्रणा चार्जिंग थांबवते आणि लॅपटॉप अडॅप्टरच्या विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जमान्यातला. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. आजच्या लॅपटॉपात तीच असते आणि तिला वारंवार शून्यावर नेणे उलट बाधते.

मग ती बिघडते कशाने? सतत १०० टक्के भरलेली राहिल्याने आणि उष्णतेने. पूर्ण भरलेल्या बॅटरीत विजेचा दाब सर्वांत जास्त, बहुतेक दर सेलमागे ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. त्या दाबाखाली आतली रसायने हळूहळू खराब होतात. रबर ताणून खुंटीला अडकवून ठेवले तर ते सैल पडतेच, तसे समजा. प्रयोगांतले आकडे बोलके आहेत. अशी बॅटरी २५ अंश तापमानात पूर्ण भरून वर्षभर ठेवली तर क्षमता सुमारे २० टक्क्यांनी घटते. ४० अंशांत ३५ टक्क्यांनी. तीच ४० टक्के भरून २५ अंशांत ठेवली तर घट अवघी ४ टक्के. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत काय होते, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

तेव्हा बॅटरी ८० टक्क्यांवर थांबेल अशी व्यवस्था करावी. ती सोय पुष्कळ लॅपटॉपांत मुळातच असते, फक्त कुणी उघडून पाहत नाही. लेनोव्होच्या 'व्हँटेज'मध्ये 'कॉन्झर्व्हेशन मोड', आसूसच्या 'मायआसूस'मध्ये बॅटरीची काळजी घेणारे सेटिंग, एसरच्या 'केअर सेंटर'मध्ये चार्जिंगची मर्यादा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच यंत्रांत हे 'बायोस'मध्ये सापडते. तिथे मुलांनी दुसरे काही बदलू नये एवढे बघावे. विहाराच्या अभ्यासिकेत लॅपटॉप दिवसभर प्लगलाच असतील, तर एखाद्या जाणत्या मुलाने एका रविवारी बसून सगळ्यांचे सेटिंग करून टाकावे. जुन्या यंत्रात ही सोय नसेल तर ८० टक्के झाले की पिन काढावी, ३०-४० टक्क्यांवर आले की पुन्हा लावावी.

मात्र दुसऱ्या दिवशी ऑनलाइन परीक्षा असेल आणि विजेचा भरवसा नसेल, तर आदल्या रात्री खुशाल १०० टक्के भरून घ्यावी. एका रात्रीने बॅटरी मरत नाही. (१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना विजेचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. खेड्यापाड्यांतले विजेचे दुखणे मात्र अजून पुरते सरलेले नाही.) काही जण सुटी होणारी बॅटरी काढूनच ठेवतात. बॅटरी वाचते खरी, पण वीज गेली की काम बुडते. अभ्यासाच्या घरात आम्हाला ते पटत नाही.

उष्णतेचे म्हणाल तर लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नये, हवेच्या फटी बुजतात. खाली लाकडी पाट ठेवावा. उन्हाच्या खिडकीत, फ्रिजवर, गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नये. महिनाभर गावी जाणार असाल तर निम्मी बॅटरी ठेवून, बंद करून, सावलीच्या कोपऱ्यात ठेवावा.

जुना लॅपटॉप घेताना दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगावे. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावर उरलेली क्षमता, असे दोन आकडे असतात. मूळ ५०,००० आणि आताची ३०,००० म्हणजे ६० टक्केच उरली. तेवढा भाव पाडून मागावा.

एक धोका मात्र बायाबापड्यांनीही ओळखायला हवा. टचपॅड वर उचलले गेले, झाकण नीट मिटेना, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. लगेच पिन काढून यंत्र बंद करावे. दाबू नये, टोचू नये, स्वतः उघडू नये. आग लागू शकते. दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्यावी. काढलेली बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा ई-कचरा केंद्रात द्यावी. कचऱ्याच्या ढिगात हात घालून वेचणाऱ्यांत आपल्याच वस्त्यांतल्या कितीतरी माता-भगिनी आहेत.