सर्व्हर आपोआप सुरू झाला, तर ऑडिटरला काय दाखवायचं?

रविवारी पहाटे २ ते ४ या वेळेत सेवा बंद राहतील, असा बँकेचा मेसेज आपल्याला येतो आणि आपण तो वाचून सोडून देतो. त्या दोन तासांत कुणीतरी जागं असतं. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातली मुलं-मुली पुण्यात, नवी मुंबईत किंवा आखातात याच कामात आहेत. अम्मी-अब्बांना एवढंच माहीत असतं की आज नाइट ॲक्टिव्हिटी आहे. ही ॲक्टिव्हिटी म्हणजे काय, ती अजून हातानेच का होते आणि मशीनवर सोपवली तर ऑडिटर खरंच अडवतो का, हे आज समजून घेऊ.

सर्व्हर सुरू करणं म्हणजे टीव्हीचं बटण दाबणं नव्हे. आधी स्टोरेज आणि नेटवर्क, मग डेटाबेस, मग ॲप्लिकेशन आणि सगळ्यात शेवटी ग्राहकांसाठी दार उघडायचं. क्रम चुकला तर ॲप सुरू झाल्यासारखं दिसतं, पण आत हिशेबाची वहीच सापडत नाही. मग दुकानात यूपीआय अडकतं. लिनक्समध्ये हा क्रम सांभाळायला २०१० पासून सिस्टिमडी नावाची व्यवस्था आहे. पण तिच्यातली 'आफ्टर' ही सूचना फक्त क्रम सांगते. डेटाबेस 'सुरू झाला' आणि 'काम घ्यायला तयार झाला' यांत बराच वेळ जाऊ शकतो. म्हणून चांगली स्क्रिप्ट डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारते. उत्तर आलं तरच पुढे जाते, नाही आलं तर थांबते आणि माणसाला उठवते.

एवढं सोपं असेल तर बऱ्याच ठिकाणी अजून एक्सेल शीट उघडून एकेक कमांड हाताने का टाकतात? विचारलं तर उत्तर येतं, "ऑडिटमध्ये अडकेल." आमच्या मते या उत्तरात भीती जास्त आणि माहिती कमी आहे.

ऑडिटरचे प्रश्न थोडेच असतात. हे काम कुणी मागितलं? मंजुरी कुणी दिली? केलं कुणी? ठरलं होतं तेच झालं का? बिघडलं असतं तर परत मागे कसं आला असतात? बँकेत काम केलेल्यांना मेकर-चेकर माहीत असतो. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. इथेही तेच. रिझर्व्ह बँकेचे आयटी कारभाराबद्दलचे निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. त्यांत सिस्टिममधल्या बदलांवर नियंत्रण आणि कुणी काय केलं याची नोंद, दोन्हींची अपेक्षा आहे. काम हातानेच करा, असा त्यांचा आग्रह नाही.

सगळा घोळ होतो तो दोन गोष्टी एकत्र केल्यामुळे. स्क्रिप्ट चालवणं वेगळं आणि स्क्रिप्ट बदलणं वेगळं. ठरलेली, तपासलेली स्क्रिप्ट दर महिन्याला तशीच चालत असेल, तर तो नेहमीचा, आधीच मंजूर असलेला बदल. आयटीआयएल या पद्धतीत याला 'स्टँडर्ड चेंज' म्हणतात. दर वेळी नव्याने समितीपुढे जायची गरज नसते. पण त्या स्क्रिप्टमधली एक ओळ जरी बदलली, तरी तो खरा बदल. त्याला तिकीट हवं, दुसऱ्या माणसाची तपासणी हवी, चाचणी हवी.

इथेच एक फट राहते आणि ऑडिटर तिथे बरोबर बोट ठेवतो. काही स्क्रिप्ट सुरू होताना इंटरनेटवरून 'लेटेस्ट' आवृत्ती खेचून घेतात. मग काल जे मंजूर झालं तेच आज चाललं, हे कोण सांगणार? नाव तेच, आतला माल वेगळा. म्हणून आवृत्ती नेमकी लिहायची, फाइलचा डिजिटल ठसा जपायचा आणि ठसा जुळला नाही तर स्क्रिप्टने पुढे जायचंच नाही. तसंच, स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवणं हा तर सरळ गुन्हाच समजा. आणि नोंदी अशा वेगळ्या सर्व्हरवर जायला हव्यात, जिथे स्क्रिप्ट चालवणाऱ्याला त्या पुसता येणार नाहीत.

हाताने काम केलं की ते सुरक्षित, असं ज्यांना वाटतं त्यांनी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचं प्रकरण बघावं. जुलै २०१२ मध्ये तिथे ८ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता. एका सर्व्हरवर तो टाकायचा राहिला. दुसऱ्या कुणी तपासलं नाही, कारण तसा लेखी नियमच नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड जागा झाला. बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या सिस्टिमने चुकीबद्दल ९७ ईमेल पाठवले होते, त्यांवर कुणी हललं नाही. गडबडीत उरलेल्या ७ सर्व्हरवरूनही नवा कोड काढला गेला आणि आग आणखी पसरली. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढे अमेरिकेच्या बाजार नियामकाने १.२ कोटी डॉलरचा दंडही लावला. आठही सर्व्हरचा ठसा जुळतो का, हे तपासणारी छोटीशी स्क्रिप्ट असती तर ही चूक बाजार उघडण्याआधी पकडता आली असती.

यात नोकरीचाही प्रश्न आहे. काही बिघडलं की पहिलं बोट रात्रपाळीतल्या सगळ्यात ज्युनिअर मुलाकडे जातं. त्याच्याकडे फक्त "मी शीटप्रमाणेच केलं" एवढं तोंडी उत्तर असेल, तर त्याची बाजू कोण ऐकणार? मंजूर आवृत्ती, तिकीट नंबर, प्रत्येक पायरीची वेळ आणि निकाल हे स्क्रिप्टने स्वतः लिहून ठेवलं असेल, तर त्याला आवाज चढवावा लागत नाही.

आणीबाणीत हाताने काम करावंच लागतं, तो मार्ग बंद करू नये. त्यासाठी वेगळं, कुलूपबंद खातं ठेवतात. ते उघडताच वरिष्ठांना मेसेज जातो आणि तिकीट नंतर, पण ठरलेल्या मुदतीत भरलं जातं.

या कामातल्या मुलांना आमचं एकच सांगणं. स्क्रिप्ट पूर्ण झाल्यावर ऑडिटरकडे जाऊ नका, लिहायच्या आधी जा. ऑडिटर सहसा वर्षभरातल्या काही तारखा निवडतो आणि त्या त्या रात्रीचे कागद मागतो. मग त्यालाच विचारा, अशा एका रात्रीचं तुम्हाला काय बघायला आवडेल? आणि चाचणीच्या सर्व्हरवर डेटाबेस मुद्दाम बंद ठेवून, स्क्रिप्ट कुठे थांबते ते त्याच्यासमोर चालवून दाखवा.