जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी हिरड्यांची तयारी

घोरणे म्हणजे गाढ झोपेचे लक्षण, हा समज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की घोरणाऱ्याची चेष्टा होते, तपासणी मात्र होत नाही. मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच एकदम शांत होतो, काही क्षण त्याचा श्वास थांबतो आणि मग गुदमरल्यासारखा दचकून तो पुन्हा श्वास घेऊ लागतो. शेजारी झोपणाऱ्याच्या हे ध्यानात येते. त्या व्यक्तीला स्वतःला मात्र सकाळी डोके जड वाटते आणि दिवसभर डुलक्या येतात, एवढेच कळते. 'स्लीप ॲप्निया' या विकाराचे हे नेहमीचे चित्र आहे. झोपेत घशाचा मार्ग मिटतो आणि श्वास किमान दहा सेकंद अडतो. असे पूर्ण वा अंशतः अडथळे तासाला ५ ते १५ वेळा आल्यास विकार सौम्य, १५ ते ३० वेळा आल्यास मध्यम आणि त्याहून अधिक आल्यास तीव्र समजला जातो. उच्च रक्तदाब, हृदयाचे विकार आणि वाहन चालवताना लागणारी झोप हे त्याचे परिणाम आहेत.

या विकारावरचा पहिला उपचार म्हणजे 'सीपॅप' यंत्र. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते विकसित केले आणि १९८१ मध्ये त्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाकावर मुखवटा लावून हवेचा सौम्य दाब दिला की घसा उघडा राहतो. उपाय परिणामकारक खरा, पण रोज रात्री मुखवटा लावून झोपणे अनेकांना जमत नाही. अशा रुग्णांपैकी काहींना, विशेषतः ज्यांचा खालचा जबडा जन्मतःच मागे आहे त्यांना, दोन्ही जबडे पुढे आणण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. तोंडाच्या आतून वरच्या आणि खालच्या जबड्याचे हाड कापतात, ते साधारण १० मिलिमीटर पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जखडतात. जबड्याबरोबर जीभ आणि टाळूचे स्नायूही पुढे येतात व घशामागची वाट रुंदावते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६२७ रुग्णांच्या एकत्रित आढाव्यात ताशी सरासरी ६४ वर असलेले अडथळे शस्त्रक्रियेनंतर १० च्या आत आल्याचे आढळले. सुमारे ८६ टक्के रुग्णांत ती यशस्वी ठरली होती. मात्र विकार पूर्णपणे गेल्याचे प्रमाण ४३ टक्केच होते, हेही रुग्णाला आधी सांगायला हवे.

एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेची तयारी म्हटली की रक्ततपासणी, ईसीजी, स्कॅन आणि खर्चाची जुळवाजुळव डोळ्यांसमोर येते. हिरड्या कोणाच्या मनातही नसतात. वास्तविक शल्यचिकित्सक कापणार ते हाड दातांना धरून ठेवणारेच असते.

वरचा जबडा कवटीपासून मोकळा केल्यावर तो जिवंत कशावर राहतो, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. हाडाच्या आतून येणाऱ्या काही रक्तवाहिन्या या वेळी तुटू शकतात. तरीही हाड मरत नाही, कारण टाळूच्या व गालाच्या बाजूच्या मऊ ऊतींतून आणि हिरड्यांतून त्याला रक्त मिळत राहते. अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम बेल यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून हे दाखवून दिले आणि त्यानंतर या शस्त्रक्रियेला खरा आत्मविश्वास लाभला. म्हणजे हिरड्या हा त्या हाडाच्या तात्पुरत्या रसदमार्गाचा एक भाग आहे. तो सुजलेला, पू धरलेला किंवा तंबाखूमुळे आकसलेला असेल, तर जखम भरायला उशीर लागतो, हिरडी खाली सरकते आणि क्वचित हाडाचा तुकडाही गमवावा लागतो. वरच्या जबड्याचे दोन-तीन भाग करायचे असतील तर दातांच्या मुळांमधून करवत फिरते. तेथे हाड आधीच झिजलेले असेल तर धोका आणखी वाढतो.

दुसरी बाब तारांची. शस्त्रक्रियेपूर्वी दातांची रांग जुळवण्यासाठी अनेकांना वर्षभर किंवा अधिक काळ तारा लावाव्या लागतात. निरोगी हिरड्यांत दात सरकवणे सुरक्षित असते. हिरड्यांचा विकार धुमसत असताना तेच केले तर आधाराचे हाड झपाट्याने झिजते. भूल देण्याच्या वेळी हलणारा दात निसटून श्वासमार्गात जाण्याची भीतीही असतेच.

तपासणी साधी आहे. दंतवैद्य बोथट टोकाच्या सळईने प्रत्येक दाताभोवती हिरडीची खोली मोजतो. १ ते ३ मिलिमीटर खोली आणि रक्त न येणे म्हणजे हिरडी ठीक. ४ मिलिमीटरच्या पुढे खोली गेली आणि स्पर्शाने रक्त आले, तर आत किटण साठलेले आहे असे समजावे. त्यावर स्केलिंग आणि मुळांची सफाई केली जाते. 'मशीनने दात साफ केले की ते हलायला लागतात' ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. प्रत्यक्षात दात आधीच ढिले झालेले असतात. वर्षानुवर्षे साठलेल्या किटणाने त्यांना एकमेकांशी जखडलेले असते आणि किटण निघाले की खरी स्थिती उघडी पडते. सफाईनंतर चार ते आठ आठवड्यांनी खोली पुन्हा मोजतात. ती कमी झाली नसेल तर हिरडी उघडून आतली सफाई करावी लागते. त्यानंतर पुन्हा काही आठवड्यांची विश्रांती आली. ज्या दाताचे हाड संपलेलेच आहे, तो आधी काढून टाकणे शहाणपणाचे. थोडक्यात, हिरड्यांसाठी दोन-तीन महिने हाती ठेवावेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर धावपळ करून हे काम होत नाही.

मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावाला ही वेळापत्रकाची बाजू अधिक लागू पडते. आदिलाबादकडे फाटा फुटणारे हे रेल्वे जंक्शन नांदेडपासून सुमारे २० ते २५ किलोमीटरवर आहे. झोपेची तपासणी आणि जबड्याची शस्त्रक्रिया यांसाठी येथील रुग्णाला मोठ्या शहराची वाट धरावी लागते, आणि प्रत्येक खेपेला रजा, सोबत आणि मुक्काम आलाच. हिरड्यांचे काम मात्र घराजवळच्या दंतवैद्याकडे होऊ शकते. गुंतागुंत असल्यास लातूर येथील एमआयडीएसआर दंत महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठता येते. हिरड्यांची मोजणी, क्ष-किरण चित्रे आणि झालेल्या उपचारांची नोंद फाइलमध्ये लावून शल्यचिकित्सकाकडे नेली, तर एखादी खेप सहज वाचते.

मराठवाड्यात या तयारीतील मोठा अडसर तंबाखूचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुतेक जण धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, मिश्री लावण्याची सवय जुनी आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या नावाखाली थेट हिरड्यांवरच चोळली जाते. तिला व्यसन मानलेच जात नाही, त्यामुळे 'तंबाखू खाता का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर अगदी प्रामाणिकपणे मिळते. मिश्रीबद्दल वेगळे विचारायला हवे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी फसवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, आणि आतून पोखरलेली हिरडी वरून निरोगी भासते. सुपारी व गुटख्याने तर तोंडच पुरेसे उघडेनासे होते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंडाच्या आतील ताठरलेली त्वचा बंदीने सैल होत नाही. शस्त्रक्रिया तोंडातूनच करायची असल्याने तोंड किती उघडते हे आधीच पाहिले जाते. सर्व प्रकारचा तंबाखू किमान चार ते सहा आठवडे आधी सुटावा आणि नंतरही परत येऊ नये, असा सल्ला दिला जातो.

मधुमेहाचाही येथे संबंध आहे. स्लीप ॲप्नियाच्या अनेक रुग्णांना तो असतो. साखर अनियंत्रित असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांतील जंतुसंसर्ग साखरेला आवरू देत नाही. दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. तोंडाने श्वास घेण्याच्या सवयीमुळे, आणि काहींना सीपॅपमुळेही, रात्री तोंड कोरडे पडते. लाळेचे संरक्षण घटल्याने दातांवर जंतूंचा थर लवकर जमतो. म्हणून सीपॅप बंद करण्याची चूक मात्र करू नये. शस्त्रक्रियेपर्यंत ते चालूच ठेवायचे असते.

घरी करायचे काम फारसे अवघड नाही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा टेकवून सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटे हळुवार फिरवावा. दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश वापरावा, कारण विकाराची सुरुवात बहुधा तेथूनच होते. क्लोरहेक्सिडिनचे द्रावण डॉक्टरांनी सांगितले तरच आणि तितकेच दिवस वापरावे. दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

ही सवय आधी लागलेली असेल तर तिचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतर होतो. पहिले काही आठवडे चेहरा सुजलेला असतो, तोंड जेमतेम उघडते, दातांवर रबर लावलेले असतात आणि खालचा ओठ व हिरड्या बधिर असतात. अन्नकण कोठे अडकला हे जाणवतच नाही, म्हणून आरशासमोर उभे राहून लहान मुलांच्या ब्रशने दात घासावे लागतात. आहार पातळ असतो: मुगाचे कढण, ज्वारीची आंबील, वरणाचे पाणी, ताक. असे पातळ पदार्थ तारांभोवती चिकटून राहतात, त्यामुळे प्रत्येक वेळी खाल्ल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी लागते. ज्वारीची भाकरी चावून खाण्याची परवानगी मिळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतरही तारा निघेपर्यंत दर तीन महिन्यांनी हिरड्यांची मोजणी चालू ठेवावी. हे काम मुदखेड वा नांदेडच्या दंतवैद्याकडेही होते.