विद्यापीठ ग्रंथालयाच्या संशोधन-साहाय्यसेवा आणि मराठी प्रबंध

प्रस्तावना :

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. संदर्भसेवा, प्रचलित जागरूकता सेवा, निवडक माहिती प्रसारण, आंतरग्रंथालयीन देवघेव या परंपरागत सेवा याच सूत्रातून विकसित झाल्या. प्रबंध व नियतकालिके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आल्यावर या सेवांचे स्वरूप पालटले. प्रस्तुत लेखात मराठी माध्यमातून संशोधन करणाऱ्यांच्या दृष्टीने या बदलाचा विचार केला आहे.

साधनांची उपलब्धता :

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये प्रकल्परूपाने सुरू केलेले इन्फ्लिबनेट १९९६ मध्ये स्वायत्त आंतरविद्यापीठीय केंद्र झाले. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली असून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिला ६,००० कोटी रुपये मंजूर आहेत. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध होतात. मात्र पहिल्या टप्प्याची रचना केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य अनुदानित महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्था चालवितात. तेथील मार्गदर्शकास एन-लिस्ट व विद्यापीठ ग्रंथालय यांचाच आधार उरतो. म्हणून संलग्न महाविद्यालयांतील संशोधकांना 'बाहेरचे सभासद' मानण्याची वृत्ती विद्यापीठ ग्रंथालयांनी सोडली पाहिजे.

प्रबंध आणि टंक :

आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक ठरविले व त्यातून 'शोधगंगा' हे भांडार उभे राहिले. येथे मराठी प्रबंधांची एक अडचण आहे व तिची चर्चा फारशी होत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि नंतरही बराच काळ, मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांत जुळविला गेला. या टंकांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक स्थानांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. वाचकास पडद्यावर 'ग्रामीण' दिसते, संगणकास मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक माळ दिसते. परिणामी पूर्ण संहितेत शब्दशोध घेतला असता असा प्रबंध सापडत नाही. छायाप्रत रूपातील प्रबंधांचीही स्थिती हीच. पूर्वसंशोधनाचा आढावा घेणाऱ्यास 'या विषयावर काम झालेले नाही' असे वाटते आणि तोच विषय पुन्हा नोंदविला जातो.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आतील ठरविलेल्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. पण जुन्या टंकातील मजकूर तपासणीस दिला तर मिळणारा आकडा निरर्थक असतो. शून्याजवळचे साम्य स्वतंत्र लेखनाचे द्योतक की केवळ टंकाचे, हे अहवालावरून कळत नाही.

ग्रंथालयाचे काम :

प्रबंध युनिकोडमध्ये सादर करण्याचा आग्रह नोंदणीच्या वेळीच धरावा लागतो, सादरीकरणाच्या आठवड्यात नव्हे. टंक-परिवर्तनाची साधने उपलब्ध आहेत. परंतु जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांत दोष राहतात, म्हणून परिवर्तित मजकुराचे मुद्रितशोधन अपरिहार्य ठरते. ते संशोधकानेच करावे, ग्रंथालयाने साधन व प्रशिक्षण पुरवावे.

अहवालाचे वाचन हीदेखील सेवाच आहे. आज्ञावली शब्दसाम्य दाखविते, चौर्य ठरवीत नाही. संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश यांना विनियमांनीच वगळले आहे. सर्वपरिचित वा योगायोगाने जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंतची सूटही दिली आहे. संतसाहित्यावरील प्रबंधात मूळ अभंग विपुल येणार, हे ग्रंथपालाने अहवालासोबत लेखी नोंदविणे उचित होय. टक्केवारीचे कोरडे प्रमाणपत्र हाती देणे ही सेवा नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जुन्या प्रबंधांचा प्रश्न यानंतरही उरतो. सर्वांचे परिवर्तन एकदम शक्य नाही. निदान शीर्षक, गोषवारा व विषयसंज्ञा युनिकोडमध्ये नोंदविल्या, तर प्रबंधाचे अस्तित्व शोधात उमटते. हे काम तालिकाकाराच्या नित्य कामात सहज बसणारे आहे.